सोवन्यांकडे हप्ता चालत नाही

आमचे थोरले दीर पद्माकर सोवनी यांनी आयुष्यात कुणाचं एक पैशाचं देणं ठेवलेलं नाही, हे वेम्बलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. एखाद्याला ठाऊक नसेल तर तो नुकताच विमानातून उतरलेला असणार, आणि त्यालाही पहिल्या रविवारच्या आत कळतं. दादा स्वतःच सांगतात. पोह्यांची बशी हातात पडते न पडते तोच सांगतात. घर रोखीनं घेतलं, गाडी रोखीनं घेतली, आणि हे इथले लोक सोफा हप्त्यावर घेतात, सुट्टी हप्त्यावर घेतात, उद्या मयतही हप्त्यावर करतील, असं म्हणून ते स्वतःच हसतात. पाहुण्यांनाही हसावं लागतं, कारण पोहे अजून खायचे असतात.

मी नंदा, दादांच्या धाकट्या भावाची, जयंतची बायको. तोंडावर मी जयंतला अहो-जाहो करते, कारण सोवन्यांकडे तशी पद्धत आहे. इथे करणार नाही. दादांना मात्र इथेही 'ते'च म्हणते आहे. सवय वाईट.

एकोणऐंशी साली आम्ही दोघं पुण्याहून आलो ते थेट दादांच्या दारात. जयंत ड्राफ्ट्समन, त्याला पार्क रॉयलच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पगार जमा करायला बँकेचं खातं हवं होतं. दादा म्हणाले, तुझं खातं उघडेपर्यंत माझ्या खात्यात येऊ दे. ते खातं उघडायला जयंतला पुढे कधी सवड झाली नाही. पगार दादांच्या खात्यात जाई, आणि बसच्या पासासाठी लागतील तेवढे पैसे दादा त्याला सोमवारी सकाळी मोजून देत. हा चांगला तिशीतला, डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस थोरल्या भावासमोर हात पुढे करून उभा राही, आणि वर मला सांगे की एकत्र राहण्यात केवढी बचत होते बघ.

घरात तीन खोल्या वरती. एक दादा-वहिनींची, एक त्यांच्या उदयची, अभ्यासासाठी, आणि जिन्यावरची अडगळीची खोली आमची. त्या खोलीत दार पूर्ण उघडत नसे, कारण मागे पलंग. मंजिरी झाली तेव्हा तिचा पाळणा कपाटाच्या जागी आला आणि कपडे पलंगाखाली गेले. ती शाळेत जायला लागली तरी आम्ही तिघं त्याच खोलीत. जयंत कूस बदलायचा तर आधी मला उठवायचा. वीज, गॅस, टेलिफोन, सगळं दादांच्या नावावर. दर ऑक्टोबरला कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, मतदारयादीचा फॉर्म येई, घरात कोण कोण राहतं ते घरमालकानं लिहायचं. दादा स्वतःचं आणि वहिनींचं नाव लिहीत आणि पेनाला टोपण लावत. आपण या देशात पाहुणे, यांच्या राजकारणात कशाला पडायचं, असं त्यांचं मत. मतदानाला मात्र स्वतः सगळ्यांच्या आधी हजर.

मला घर हवं होतं. एवढंच. फार मोठं नको, हाउन्सलोला चालेल. मी हीथ्रोजवळच्या एका स्वयंपाकघरात कामाला होते, विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला. त्या बाजूला एका गल्लीत मिसेस ट्रिंडर नावाच्या म्हातारीचं दोन खोल्यांचं घर विकाऊ होतं. ती ग्लासगोला मुलाकडे राहायला जाणार होती आणि तिला घाई नव्हती. पुढच्या वर्षीच्या ख्रिसमसपर्यंत सावकाश आवरेन, म्हणाली. मंजिरीला घेऊन मी ते घर पाहायला गेले, तर ही पोरगी मागच्या खोलीत जाऊन दार उघडायची आणि लावायची, उघडायची आणि लावायची.

'आई, हा दार फुल ओपन होतो,' ती म्हणाली. तिला मराठीत दार पुल्लिंगी की नपुंसकलिंगी याचा पत्ता नव्हता, पण दार कशासाठी असतं ते कळलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याचा मला रागही आला.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात मी जयंतला जवळजवळ बखोटीला धरून हाउन्सलोच्या एका बिल्डिंग सोसायटीत नेलं. या सोसायट्या घरासाठी कर्ज देतात. तिथली मिसेस पेन्फोल्ड नावाची बाई आम्हाला प्रश्न विचारत गेली. बँकेचं खातं? नाही. कुठलं बिल तुमच्या नावावर? नाही. मतदारयादीत नाव? नाही. कधी काही उधारीवर घेऊन फेडलंय? मी ताठ मानेनं सांगितलं की आम्ही कुणाचं एक पैशाचं देणं लागत नाही. वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझ्याच तोंडाला दादांचा वास आला.

'मिसेस सोवनी, अडचण तीच आहे,' ती म्हणाली. 'कागदावर बघितलं तर तुम्ही दोघं अजून या देशात आलेलाच नाही.'

जयंत मान डोलवत होता. त्याची मान कुणीही काहीही सांगितलं तरी डोलते. त्या बाईनं 'तुम्हाला फाशी आहे' म्हटलं असतं तरी डोलली असती.

अजब देश. पुण्यात कर्जबाजारी माणसाला कुणी मुलगी देत नाही, आणि इथे कर्ज न घेतलेल्या माणसाला कुणी घर देत नाही. सात वर्षं आम्ही यांच्या बसमध्ये बसलो, यांचा कर भरला, यांच्या विमानातल्या लोकांची मी पोटं भरली, आणि यांना माझी ओळख पटायची तर मी कुणाच्या तरी दुकानातून चादर उधार आणायला हवी. पण मी तिथे तत्त्वज्ञान सांगायला गेले नव्हते. मी विचारलं, काय करू सांगा. तिनं सांगितलं. दोघांची स्वतःची खाती उघडा, पगार त्यात येऊ द्या. मतदारयादीत नाव घाला. काहीतरी हप्त्यावर घ्या आणि पूर्ण एक वर्ष एकही हप्ता न चुकवता भरा. मग या, कर्जाचं बघते.

बाहेर आल्यावर जयंत म्हणाला की पगाराचं दादांना सांगायला लागेल. मी म्हटलं, मग तुमचा राहू दे, माझा पुरे. तो सुटल्यासारखा हसला.

ऑक्टोबरचा फॉर्म आला तो मी दादांच्या आधी उचलला आणि चौघांची नावं लिहून धाडला. माझ्या नावानं खातं उघडलं. घरी सांगितलं की माझे कामाचे तास कमी केलेत, आणि दादांच्या हातात त्या हिशेबानं कमी पगार ठेवून राहिलेले पैसे त्या खात्यात टाकायला लागले. आणि कॅटलॉग मागवला. त्या काळात इथल्या निम्म्या बायका कॅटलॉगवर संसार चालवत. जाडजूड पुस्तक यायचं, त्यात अंतर्वस्त्रांपासून शिडीपर्यंत सगळं, हवं ते निवडायचं, पार्सल घरी येतं, आणि दर आठवड्याला थोडेथोडे पैसे पोस्टातून भरायचे. मला त्यातलं काही नको होतं. तरी मी चादरी घेतल्या, किटली घेतली, पडदे घेतले, ज्या खिडक्या माझ्या नव्हत्या त्यांच्या मापाचे. पार्सलं शेजारच्या आयरिश मिसेस डॉइलकडे यायची आणि तिथून आमच्या पलंगाखाली. दर शुक्रवारी सुटल्यावर मी पोस्टात जाऊन हप्ता भरायचे. ताप होता तेव्हा गेले, पाऊण फूट बर्फ पडला तेव्हाही गेले.

जयंतला हे सगळं माहीत होतं. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे त्यानं जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको. मिसेस पेन्फोल्डच्या समोर तो माझ्या शेजारी बसला होता. मिसेस ट्रिंडरच्या परसात उभा राहून त्यानं इथे अळू लावू असंही म्हटलं होतं.

सत्त्याऐंशीची दिवाळी आली तेव्हा वर्षातला शेवटचा महिना राहिला होता. मी मनातल्या मनात ते घर लावून टाकलं होतं. दिवाळीआधी दोन-तीन आठवडे एका शनिवारी मिसेस डॉइल घरी नव्हती आणि पार्सलवाल्यानं आमचीच घंटी वाजवली. दार दादांनी उघडलं. मला कुणी काही बोललं नाही. दादा त्या दिवसापासून माझ्याशी फार गोड वागायला लागले, आणि मी मूर्खासारखी समजले की दिवाळी जवळ आली म्हणून असेल.

आमच्याकडे दिवाळी सोयीनं शनिवारी होते, नरक चतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत सगळं एका दिवसात. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचे वीसेक लोक फराळाला होते. वहिनी आणि मी पहाटेपासून चकल्या तळत होतो. जेवणाआधी पाडवा, म्हणजे बायकांनी नवऱ्यांना ओवाळायचं आणि नवऱ्यांनी तबकात ओवाळणी घालायची. आधी वहिनींनी दादांना ओवाळलं. दादांनी दरवर्षीसारखी पाच पौंडांची नोट घातली आणि दरवर्षीसारखं म्हणाले की उडवू नकोस. मग माझी पाळी. जयंत पाटावर बसला होता, नवा सदरा, कपाळावर मी लावलेला टिळा. मी ओवाळलं. त्यानं खिशातून लांबट पाकीट काढून तबकात ठेवलं. चेहरा असा की जणू चंद्रहार देतोय.

'उघड ना,' दादा म्हणाले. 'नाहीतर थांब, मीच वाचतो. सगळ्यांनाच कळू दे.'

त्यांनी पाकीट उचललं, चष्मा लावला. ते कौन्सिलमध्ये अकाउंट्समध्ये क्लार्क आहेत आणि त्यांना स्वतःच्या इंग्रजीचा फार अभिमान आहे. आत त्यांनीच कॅटलॉगवाल्यांना लिहिलेल्या पत्राची कार्बन कॉपी होती आणि सोबत कंपनीची पोच. दादांनी ते पत्र आधी इंग्रजीत वाचलं आणि मग वहिनींसाठी मराठीत सांगितलं. माझ्या भावजयीनं समज नसल्यामुळे आपल्याकडून उधारीवर वस्तू घेतल्या, असं त्यात होतं. तिची कर्ज घेण्यासारखी परिस्थिती नाही. मी कुटुंबप्रमुख या नात्यानं सर्व बाकी या चेकनं चुकती करतो आहे. तिचं खातं बंद करावं आणि यापुढे या पत्त्यावर कुणालाही काहीही उधार देऊ नये.

'जयंता माझ्याकडे आला,' दादा सगळ्यांकडे बघत म्हणाले. 'म्हणाला, दादा, हिला पाडव्याला काय देऊ? मी म्हटलं, बायकोच्या डोक्यावरचं कर्ज उतरव, याहून मोठी ओवाळणी कुठली? सोवन्यांकडे हप्ता चालत नाही.'

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नंदू आपटे असावेत, ते सगळ्यालाच वाजवतात. बायका माझ्याकडे बघत होत्या, काही कीव करत, काही चवीनं. एकीनं हळूच विचारलं की एवढं काय काय घेतलं होतंस गं. मी हातात तबक धरून उभी होते आणि निरांजन अजून पेटलेलं होतं. त्या क्षणी मला सर्वांत जास्त राग कुणाचा आला असेल तर तो दादांचा नाही. दादा दादाच होते, त्यांच्याकडून दुसरं काय येणार. राग पाटावरच्या माणसाचा आला, कारण तो माझ्याकडे शाबासकीच्या आशेनं बघत होता.

आणि तो चेक. तो ज्या खात्यातून फाडला त्या खात्यात जयंतचा सात-आठ वर्षांचा पगार होता. आमच्याच पैशांनी आमचं नाक कापून वर ते नाक आम्हाला भेट दिलं होतं.

पाहुणे गेल्यावर जिन्यावरच्या खोलीत मी जयंतला विचारलं. म्हटलं, तुम्ही कसं सांगितलंत? तो म्हणाला की दादांनी सरळ विचारलं, मग खोटं कसं बोलायचं. म्हटलं, एक महिना राहिला होता, तुम्हाला माहीत होतं. तो जरा विचारात पडला. मग अगदी मनापासून म्हणाला, 'पण देणं फिटलं ना गं? फिटलं म्हणजे चांगलंच की. त्या बाईला कळेल आपण चांगली माणसं आहोत.'

मी मंजिरीला पलीकडे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सोमवारी मिसेस पेन्फोल्डकडे गेले. तिनं माझ्यासमोर फोन लावला, मग बराच वेळ नुसती ऐकत बसली. फोन ठेवून म्हणाली, वर्ष पुरं व्हायच्या आत खातं तिऱ्हाइतानं बंद केलंय, एवढंच असतं तर मी काही केलं असतं. पण घरच्याच माणसानं लेखी कळवलंय की तुमची परिस्थिती नाही, आणि कंपनीनं त्या पत्त्यावर, उधार देणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी, खूण करून ठेवली आहे. इथे नुसतं माणूस बघत नाहीत, पत्ताही बघतात. त्या घरात राहून तुम्ही दहा वर्षं हप्ते भरलेत तरी उपयोग नाही. शक्य असेल तर आधी पत्ता बदला. ती बाई भली होती. तिनं मला चहा विचारला, आणि तो मी घेतला.

मिसेस ट्रिंडर ख्रिसमसला ग्लासगोला गेली. तिचं घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत घरांच्या किमती अशा भडकल्या की त्या गल्लीत बघायचीही सोय राहिली नाही.

मी जानेवारीतच हाउन्सलोला एका पंजाबी कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. भाडेचिठ्ठी माझ्या नावावर. जयंतला सांगितलं की मी आणि मंजिरी शनिवारी जातोय, तुम्ही येताय का. तो म्हणाला, दादांना विचारून सांगतो.

मी बॅग भरत होते ती तशीच भरत राहिले. निघताना वहिनी दाराशी आल्या. सुप्रभावहिनी कधी फार बोलत नाहीत. त्यांनी चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला, मागे वळून बघितलं, आणि म्हणाल्या, 'जा तू. इथे माझं नाव फक्त त्या मतदानाच्या फॉर्मवर आहे. मतही ते सांगतील त्यालाच.' आणि आत गेल्या.

हाउन्सलोला मंजिरी रोज विचारायची, बाबा कधी येणार. आठवड्याभरानं तिनंच विचारलं, 'बाबा परमिशन मागतायत का?' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'ओके.' सहा वर्षांच्या मुलीला जे समजलं ते मला समजायला लग्नानंतर इतकी वर्षं लागली होती.

जयंत एप्रिलमध्ये आला. दारात सूटकेस घेऊन उभा. मला वाटलं, आला, अखेर भांडून आला. मी पुढे होऊन सूटकेस घ्यायला गेले. तो म्हणाला, 'दादा म्हणाले, जा.' मी हात मागे घेतला. सूटकेस त्यानंच वर आणली.

त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. कॅटलॉग पुन्हा मागवला, दुसऱ्या कंपनीचा. एका दुकानाचं कार्ड घेतलं, बँकेचं कार्ड घेतलं. जे घेतलं ते फेडलं, आणि फेडून झालं की पुन्हा काहीतरी घेतलं. आमच्या एका खोलीत तीन इस्त्र्या झाल्या होत्या. यांच्या देशात शहाणपण असं सिद्ध करावं लागतं. कामावर मला आधी सुपरवायझर केलं, मग पूर्ण पाळी माझ्या हाताखाली दिली. जयंतचा पगार आता त्याच्या स्वतःच्या खात्यात येई, ते खातंही मीच त्याला रांगेत उभं करून उघडायला लावलं. पण त्यातून दर महिन्याला तो न विसरता दादांना पैसे पाठवत होता. कशाचे, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. एक्याण्णवमध्ये त्याचा कारखाना बंद पडला. पुढे तो अधूनमधून मिळेल ते काम करी आणि उरलेला वेळ घरमालकांच्या परसात अळू लावी.

मधल्या काळात दादांना नवा सोफा घ्यायचा होता. दुकानात बिनव्याजी हप्त्यांची योजना होती, आणि बिनव्याजी म्हटल्यावर सोवन्यांकडे एकाएकी हप्ता चालायला लागला. काउंटरवरच्या पोरीनं पत्ता मशीनमध्ये घातला आणि सॉरी म्हणाली. दादांनी मंडळात येऊन भाषण दिलं की हा सरळसरळ वर्णद्वेष आहे. या देशात वर्णद्वेष आहे, मी तो रोज गिळते. पण हे त्यांच्या स्वतःच्या पत्रातल्या सुंदर इंग्रजीचं फळ होतं. मी समोरच बसले होते. सांगितलं नाही. काही लोकांना कळावं इतकीही त्यांची किंमत नसते.

मग घरांच्या किमती कोसळल्या. लोकांची घरं बँका घेऊन जायला लागल्या. त्र्याण्णवमध्ये मिसेस ट्रिंडरच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक घर मला परवडेल असं निघालं. दादांना बातमी लागली तेव्हा ते सगळीकडे सांगत सुटले की सत्त्याऐंशीला मी अडवलं नसतं तर ही पोरं खड्ड्यात गेली असती. मी वाचवलं यांना. जयंतनं हे मला येऊन सांगितलं, आणि वर म्हणाला की एका अर्थी खरंच आहे ते. मी भांडी घासत होते. घासत राहिले. पाच वर्षं तिघांनी एका खोलीत काढली, मुलगी बारा वर्षांची झाली, आणि हा माणूस बाजारभाव सांगतोय.

कर्ज माझ्या एकटीच्या नावावर मंजूर झालं. जयंतचं नाव त्यात घालण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी आग्रहही धरला नाही. पण कर्ज देणाऱ्या सोसायटीचा एक नियम होता. कर्जदाराखेरीज जी सज्ञान माणसं त्या घरात राहणार असतील त्यांनी एका कागदावर सही करायची, की या घरावर आमचा काही हक्क नाही, आणि सोसायटीनं घर ताब्यात घेतलं तर आम्ही निमूट बाहेर पडू. घरात भाडेकरू ठेवला तर त्याची सही घेतात तशीच नवऱ्याची.

हे मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. आणि मी कबूल करते की मला त्यात गंमत वाटली होती. मग धास्ती वाटली. मग वाटायला लागलं की आता हा चिडेल. नवरा म्हणून नाही तर माणूस म्हणून तरी चिडेल, म्हणेल की मी काय भाडेकरू आहे का, घर दोघांचं होणार असेल तर होऊ दे नाहीतर नको. मी त्याची वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, मी त्यासाठी नवी साडी नेसून गेले होते. तो चिडला असता तर मी ते घर सोडून दिलं असतं, पुन्हा दोघांच्या नावानं पहिल्यापासून सुरुवात केली असती. इतकी वर्षं काढलीच होती.

सॉलिसिटर मिस गिल म्हणून तरुण मुलगी होती. तिनं कागद जयंतसमोर ठेवला आणि एकेक वाक्य सावकाश समजावून सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, 'मिस्टर सोवनी, या सहीनं तुम्ही बरंच काही सोडून देताय. मी तुमच्या मिसेसची सॉलिसिटर आहे, तुमची नाही. सही करण्यापूर्वी तुम्हाला कुणाचा सल्ला घ्यायचाय का? घ्यायचा असेल तर आपण थांबू.'

मला वाटलं, आता दादांना विचारतो म्हणणार. मला चालणार होतं. तेही चाललं असतं, निदान त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काहीतरी आहे असं झालं असतं.

जयंतनं कागदाकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, भावापुढे उभं राहतानाचा आज्ञाधारक भाव होता.

'करू ना गं सही?' त्यानं विचारलं.

मिस गिलला मराठी कळत नव्हतं, पण तिनं नजर खाली केली.

मी म्हटलं, 'तुम्ही वाचा तरी.'

'तू वाचलंयस ना?'

'हो.'

'मग झालं तर,' तो म्हणाला, आणि मान डोलवून त्यानं सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात, खाली तारीख. मग पेनाला टोपण लावून पेन माझ्याकडे दिलं, मिस गिलकडे नाही.

मी थँक यू म्हटलं. कुणाला म्हटलं ते मला माहीत नाही. घर मिळालं होतं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं की आता बसनं जायचं की चालत, आणि मी सांगितलं, चालत.